सही करण्याआधी थोडं थांबा

‘कामावर जखमी झालात तर तडजोड करून मोकळे व्हा, कोर्टात वर्षं जातात’ हा एका लेखातला सल्ला वाचून राहवलं नाही.

2021 मध्ये गोव्यात डिचोलीजवळ फर्निचरच्या एका छोट्या कारखान्यात माझ्या धाकट्या दिराचा अंगठा गोल करवतीत गेला. कामाला माणसं आठच, त्यामुळे ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा, प्रश्नच नव्हता. मालक चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान आणि पाकिटात वीस हजार घेऊन दारात. सोबत टाईप केलेला कागद, ‘माझी काही तक्रार नाही.’ सासूबाई तर सही करायला पेन शोधत होत्या!

तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात अंगठा गेला तर 30 टक्के अपंगत्व धरलं जाई. दिराचं वय 40, महिन्याचा पगार 15,000 : पगाराचे 60 टक्के गुणिले 184.17 (वयानुसार कायद्याने ठरवलेला आकडा), त्याचे 30 टक्के. म्हणजे 4,97,259 रुपये. कुठे वीस हजार!

‘चूक त्याचीच’ हेही ऐकून घेतलं. साधी बेपर्वाई असली तरी भरपाई बुडत नसे; दारूच्या नशेत अपघात झाला असेल किंवा कामगाराने करवतीचा गार्ड (सुरक्षेचं झाकण) मुद्दाम काढला असेल तर गोष्ट वेगळी. इथे गार्ड मालकानेच काढून कपाटावर ठेवला होता, जाड फळ्या अडकतात म्हणून.

आणि तडजोड केलीच, तर ती या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागे. पाकिटाबरोबरच्या त्या कागदावर आयुक्तांचं नावसुद्धा नव्हतं.