पी०१७१ म्हणजे ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ नव्हे!

जळगाव-धुळ्याच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, ‘चेक इंजिनचा दिवा लागला? शोरूमला पैसे देऊ नका’. त्यातले सल्ले असे: स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर गेला समजा आणि त्याचा कपलर (वायरचा जोड) काढून टाका. कॅट (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पोकळ करून त्याच्या मागच्या सेन्सरला स्पेसर (सेन्सर धुरापासून दूर ठेवणारा तुकडा) लावा, पिकअप वाढतो. दिवा लुकलुकत असेल तर वायर लूज आहे, घरापर्यंत चालवा. काहीच जमलं नाही तर बॅटरीचं टर्मिनल पंधरा मिनिटं काढा. सीएनजी किट असेल तर दिवा लागणारच. आणि शेवटी, सगळा दोष ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा.

माझ्या भाच्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, कपलर काढी टाकू का?’ त्याच्या गाडीला बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) सीएनजी किट आहे आणि फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा) एक्झॉस्ट आहे. म्हणजे नेमकी ती गाडी, जिचं या सल्ल्यांनी सगळ्यात जास्त नुकसान होईल.

कपलरपासूनच सुरुवात करू, कारण याच्याइतका चुकीचा सल्ला त्या मेसेजमध्ये दुसरा नाही. कोडांचे अर्थ एसएई जे२०१२ या मानकात ठरवून दिलेले आहेत. तिथे पी०१७१ चं नाव आहे ‘सिस्टीम टू लीन, बँक १’ (बँक म्हणजे सिलिंडरांची ओळ). मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी, एवढंच तो कोड सांगतो. कुठला पार्ट बदला हे सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या बिघाडाला त्याच मानकात वेगळे कोड आहेत: कॅटच्या पुढच्या सेन्सरला पी०१३० ते पी०१३५, मागच्याला पी०१३६ ते पी०१४१. यांपैकी काही नसताना सेन्सर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय कपलर काढून दिवा विझतही नाही. सेन्सरच्या हीटरचं सर्किट तुटलं की पी०१३५ येतो आणि दिवा पेटलेलाच राहतो. वर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आंधळा होतो, आधीच ठरलेल्या तक्त्यावर इंधन ओततो, मिश्रण बहुधा रिच (इंधन जास्त) होतं, प्लग काळे पडतात आणि ते जादा इंधन कॅटमध्ये जाऊन जळतं.

मग बघायचं काय? स्टेअरिंगखालच्या १६ पिनच्या पोर्टला साधा ब्लूटूथ ईएलएम३२७ डोंगल (मोबाइलवर कोड दाखवणारा स्कॅनर) लावा. कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणाच्या नोंदीचा) फोटो काढा. दिवा लागला तेव्हा आरपीएम, लोड आणि कूलंटचं तापमान किती होतं, ते तिथे मिळतं. नंतर इंजिन ८० अंशांच्या वर गरम होऊ द्या, एसी बंद ठेवा आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम या दोन आकड्यांची बेरीज तीन ठिकाणी लिहून घ्या: आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला), मिनिटभर धरलेल्या २५०० आरपीएमला, आणि चढावर लोडखाली. आकडे शेजारी बसलेल्याने टिपायचे. ट्रिम म्हणजे ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कापतोय. उणे-अधिक १० च्या आत असेल तर चिंता नको. अधिक २०-२५ च्या आसपास बहुतेक गाड्या पी०१७१ टाकतात.

आयडलला अधिक १८ आणि २५०० ला अधिक ४ दिसलं तर कुठूनतरी चोरटी हवा शिरतेय. आयडलला थोडीशी हवाही मोठा वाटा असते, आरपीएम वाढला की तो वाटा नगण्य होतो. किटवाल्या गाडीत आधी इनटेक मॅनिफोल्डवर ड्रिल मारून बसवलेले गॅसचे नोझल तपासा, कारण सैल नोझल हमखास हवा ओढतो. मग पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप आणि ब्रेक बूस्टरचा पाइप. आमच्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन वळणाच्या आतल्या बाजूला चिरतं, वरून बघून कळत नाही, वाकवून बघावं लागतं. गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारू नका, पेट घेतो. स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.

उलट, आयडलला सगळं ठीक आणि कन्नडचा घाट चढताना अधिक २०, तर इंधन कमी पडतंय. पंप, फिल्टर, प्रेशर बघा. बहुतेक एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत ते ३ ते ४ बारच्या दरम्यान असतं.

फ्री-फ्लो बसवलेल्यांनी पुढचं नीट वाचा. एक्झॉस्टची गॅस्केट पुढच्या सेन्सरच्या आधी लीक असेल तर धुराच्या प्रत्येक धक्क्यामागे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ सांगतो, ईसीयू इंधन वाढवतो. कोड लीनचा, इंजिन प्रत्यक्षात रिच. प्लग काळे, ॲव्हरेज कमी आणि कोड पी०१७१, अशी विसंगती दिसली की आधी गॅस्केटच्या कडेला काजळीची रेघ शोधा. थंड इंजिन सुरू करून लगेच ऐकलं तर फुसफुस ऐकू येते. तापल्यावर धातू फुगतो आणि ती थांबते.

सेन्सर कधीच मरत नाही असं नाही. साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली व्हायला हवं. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की ०.८ च्या वर, सोडला की ०.१ च्या आसपास. हे होत असेल तर सेन्सर जिवंत आहे. हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरला हे आकडे लागू नाहीत.

लुकलुकणारा दिवा ‘वायर लूज’ म्हणून सोडून देणं तर सरळ धोक्याचं आहे. स्थिर दिवा असेल तर हळू गाडी नेता येते. लुकलुकणारा दिवा म्हणजे कॅट जाळेल इतका मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं) चालू आहे. न जळलेलं इंधन कॅटमध्ये पेटतं, तापमान १००० अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळून एक्झॉस्ट तुंबतो. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. आणि मार्च-एप्रिलमध्ये बांधावरच्या वाळक्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांवर ती गाडी उभी करू नका, खालून आग लागते. पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर) असेल तर दोन आणि तीन नंबरची कॉइल (ठिणगीला व्होल्टेज देणारी) अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. फक्त गॅसवर मिसफायर होत असेल तर प्लगचा गॅप मोजा. गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून १.१ मिमीऐवजी ०.७-०.८ ठेवतात.

कॅट पोकळ करणं आणि स्पेसर. मागचा सेन्सर मुख्यतः कॅटवर लक्ष ठेवतो, मिश्रणाचा मूळ हिशेब पुढच्याकडे असतो. स्पेसरने फक्त पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा कोड) लपतो. प्रदूषणाचे नियम मोडतात ते वेगळंच.

टर्मिनल काढल्याने कोडबरोबर फ्रीझ फ्रेम आणि शिकलेलं ट्रिमही पुसलं जातं. बिघाड तसाच असतो आणि बरेच कोड सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात, म्हणून दोन दिवस ‘बरं झालं’ असं वाटतं.

ई२० बद्दल मात्र अर्धं खरं मानावं लागेल. वजनाने एका भाग शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. ई१० वरून ई२० वर आलात तर ट्रिम चारेक टक्क्यांनी वर जाणारच. पण त्याने एकट्याने दिवा लागत नाही. नोझलच्या गळतीमुळे आधीच अधिक १७ वर असलेली गाडी त्या चार टक्क्यांनी हद्द ओलांडते. गळती बुजवा, ई२० वरही दिवा लागणार नाही.

राहिला सीएनजीचा मुद्दा. ‘किट असलं की दिवा लागतोच’ हे कामचुकार फिटरचं वाक्य आहे. सिक्वेन्शियल किटचा स्वतःचा ईसीयू पेट्रोलच्या इंजेक्टरची उघडं राहण्याची वेळ वाचतो आणि तिला गुणून गॅस सोडतो. म्हणून गरम इंजिनवर दहा मिनिटं पेट्रोलवर चालवून २५०० आरपीएमला इंजेक्शनची वेळ लिहा, मग स्विच गॅसवर टाकून तीच वेळ पुन्हा लिहा. पेट्रोलवर ३.२ मिलिसेकंद आणि गॅसवर ४.० असेल तर गॅसचा मॅप (किती गॅस सोडायचा तो तक्ता) लीन आहे आणि पेट्रोलचा ईसीयू ती तूट भरतोय. ती सवय ट्रिममध्ये साठते आणि पेट्रोलवर परत आलात की गाडी रिच चालते. आधी लो-प्रेशर फिल्टर बदला, कॉम्प्रेसरचं तेल त्यात साचतं. मग रिड्यूसरचं (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचं) प्रेशर बघा. त्यानंतरच लॅपटॉप लावून मॅप दुरुस्त करायला सांगा, आणि तो दुकानात उभ्या गाडीवर आयडलला नाही, फिटरला शेजारी बसवून रस्त्यावर, लोडखाली. दोन्ही इंधनांवर वेळ जुळल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.