कानशिलावर कॉफी फवारून झोप जात नाही

ताईने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘लेकाला पाठवलाय, बाटली पण मागवतेय.’ तिचा लेक, म्हणजे माझा भाचा, संत्र्यांचा माल घेऊन रात्री समृद्धीवरून नागपूरहून मुंबईकडे निघतो. एरवी असले मेसेज मी न वाचता पुढे सरकवते. हा सोडता येईना.

मेसेज ज्यांच्याकडे आला नसेल (असे भाग्यवान कमीच उरलेत) त्यांच्यासाठी थोडक्यात: महागड्या परदेशी परफ्यूममध्ये हल्ली फुलांसोबत कॉफी असते आणि त्यामागे म्हणे ‘विज्ञान’ आहे. कॉफीतलं कॅफीन कातडीतून रक्तात जातं. रात्री गाडी चालवणाऱ्याने दोन्ही कानशिलांवर आणि डोळ्यांखाली एकेक फवारा मारला की चार तास झोप येत नाही. कॉफी नाक ‘रीसेट’ करते, म्हणून या वासाची नाकाला कधी सवय होत नाही. परदेशी बाटल्यांत मात्र केमिकल आणि चक्क अफू असते. त्यापेक्षा आमचं गुलाब-कॉफी घ्या, शंभर टक्के नैसर्गिक, तान्ह्या बाळालाही चालतं, फक्त 499 रुपये. खाली लिंक.

यातलं एक वाक्य खरं आहे. फुलं आणि कॉफी एकत्र असलेले परफ्यूम आहेत आणि चांगले आहेत. टॉम फोर्डचं ‘कॅफे रोझ’ 2012 साली आलं, त्यात गुलाब, केशर, मिरी आणि कॉफी. इव्ह सँ लोराँचं ‘ब्लॅक ओपियम’ 2014 चं, त्यात कॉफी, व्हॅनिला, जाई आणि संत्र्याचा मोहोर. कॅरोलिना हेरेराच्या ‘गुड गर्ल’मध्ये कॉफीच्या जोडीला आपला निशिगंध आणि मोगरा. ही जोडी वाटते तितकी विचित्रही नाही. कॉफीच्या झाडाला पांढरी फुलं येतात आणि त्यांचा वास जाईच्या जवळ जाणारा असतो. चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत, तिथे फुलोऱ्यात गेलात तर शोधून बघा.

आता कानशिलाचं.

कॅफीनला वास नसतो, आणि सगळा घोळ इथेच आहे. आपण ज्याला कॉफीचा वास म्हणतो तो कच्च्या बीत नसतोच, बी भाजताना तयार होतो. त्यातला सगळ्यात ‘कॉफी’ वाटणारा रेणू फरफ्युरिल थायॉल. 1920 च्या दशकात स्टाउडिंगर आणि राइखश्टाइन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी भाजलेल्या कॉफीतून तो ओळखला. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, वेगवेगळ्या कामांसाठी. हा रेणू इतका तीव्र असतो की पाण्यात एक अब्ज भागांत एक भागाहून कमी असला तरी नाक त्याला पकडतं. म्हणजे परफ्यूमला कॉफीचा वास येण्यासाठी त्यात कॅफीनचा कणही असायची गरज नाही.

तरी वादापुरतं धरून चालू की काही महागड्या बाटल्यांत भाजलेल्या कॉफीचा खरा अर्क असतो आणि त्यासोबत थोडं कॅफीनही येतं. मग हिशेब करा. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिलिलिटर द्रव निघतो. बहुतेक अल्कोहोलच असल्यामुळे त्याचं वजन 80 ते 90 मिलिग्रॅम. एक कप कॉफीत कॅफीन असतं तेही साधारण तेवढंच, 80 ते 100 मिलिग्रॅम. म्हणजे बाटलीत अल्कोहोल नाही, गुलाब नाही, नुसतं कॅफीनच ठासून भरलं, तरी एका फवाऱ्यातून जेमतेम एका कपाएवढं बाहेर येईल. प्रत्यक्षात ‘ओ द पार्फम’ या जातीच्या परफ्यूममध्ये सगळी सुगंधी द्रव्यं मिळून 15 ते 20 टक्के, त्यात कॉफीचा वाटा किरकोळ आणि त्यात कॅफीन म्हणजे नावापुरतं. कातडीतून कॅफीन आत जातं हे खोटं नाही, पण ते सावकाश, आणि आधी तिथे असावं तर लागतं.

आणि डोळ्यांखाली? अल्कोहोल? ताशी 120 ला? थेंब डोळ्यात गेला तर झोप उडेल, ते मान्य.

इथे मला एक गोष्ट नाइलाजाने कबूल करावी लागते, कारण कुणीतरी ती शोधून माझ्या तोंडावर मारणारच. 2018 मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटने एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉफीसारखा वास सोडलेल्या खोलीत विद्यार्थ्यांनी गणिती तर्काची चाचणी बिनवासाच्या खोलीपेक्षा चांगली सोडवली. तो वास कॅफीनविरहित होता. कॉफी म्हणजे तरतरी हे डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळे त्यांची स्वतःकडूनची अपेक्षाच वाढली, असं संशोधकांचं म्हणणं. ठीक आहे, वासाने मन फसतं. पण ते विद्यार्थी दिवे लावलेल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. पहाटे तीनला सरळसोट सिमेंटच्या रस्त्यावर मालाने भरलेली गाडी हाकत नव्हते.

झोपाळलेल्या चालकांवर खरं काम झालंय ते इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात. जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी 1990 च्या दशकात कमी झोप झालेल्या लोकांना सिम्युलेटरवर तासन्‌तास गाडी चालवायला लावली आणि आपण सगळे जे उपाय करतो ते तपासले. तोंडावर गार हवा, मोठ्याने रेडिओ: उपयोग झालाच तर थोडा वेळ, मग गाडी पुन्हा लेन सोडायला लागते. कामाला आली ती पोटात गेलेली कॉफी आणि 15 मिनिटांची डुलकी, आणि दोन्ही एकत्र केल्यावर सगळ्यात जास्त. कॉफी पिऊन लगेच डोळे मिटायचे. कॅफीन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. गार वाऱ्याचा झोत जिथे टिकला नाही तिथे गुलाबाचा फवारा काय टिकणार! शिवाय फवारा मारलेला माणूस ‘आता चार तास काळजी नाही’ म्हणून थांबायचं टाळतो. माझा संताप वासावर नाही, त्या ‘चार तास’वर आहे. ते चार तास कुणी मोजले?

बाकीचे मुद्दे भराभर.

नाक रीसेट होतं, हे परफ्यूमच्या दुकानांनीच पसरवलेलं आहे. काउंटरवर कॉफीच्या बियांची वाटी असते, दोन बाटल्या हुंगल्या की सेल्समन ती पुढे करतो. 2011 मध्ये अमेरिकेतल्या बेलॉइट कॉलेजच्या ॲलेक्सिस ग्रोसोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. काही लोकांना मधे कॉफीच्या बिया हुंगायला दिल्या, काहींना लिंबाच्या फोडी, काहींना साधी हवा. नंतर नवा वास ओळखण्यात कॉफीवाले काही पुढे नव्हते. प्रयोग छोटा होता, पण वाटीच्या बाजूने तेवढाही पुरावा मला कुठे सापडला नाही. दुकानात आराम वाटतो तो मधे थांबल्यामुळे. आणि कॉफीच्या परफ्यूमची सवय नाकाला होत नसती, तर कॉफीच्या दुकानात काम करणाऱ्यांना दिवसभर तो वास येत राहिला असता. त्यांना विचारा.

अफू. ‘ओपियम’ म्हणजे अफू, आणि इव्ह सँ लोराँच्या परफ्यूमचं हे 1977 पासूनचं नुसतं नाव आहे. त्या नावावरून अमेरिकेत चिनी वंशाच्या लोकांनी आंदोलनही केलं होतं आणि त्यांचा राग रास्त होता. बाटलीत अफू नाही. पुढे.

‘नैसर्गिक म्हणून बाळालाही चालतं’ हे मात्र भराभर सोडता येत नाही. गुलाबाच्या अस्सल तेलात जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, युजेनॉल असतं. ही तिन्ही नावं युरोपने 2003 मध्येच, ॲलर्जी होऊ शकते म्हणून लेबलवर लिहायला लावलेल्या 26 सुगंधी घटकांच्या यादीत आहेत. 2023 मध्ये ती यादी 80 च्या पुढे गेली. रेणू फुलातून आला की कारखान्यातून, हे कातडीला कळत नाही. बाळाच्या अंगाला कुठलंच परफ्यूम लावू नका, पाच आकडी किमतीचंही नको.

आणि 499 रुपयांत शुद्ध गुलाब तेल? एक किलो तेलाला तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. बल्गेरियात कझानलक, तुर्कस्तानात इस्पार्टा इथे ती पहाटे खुडतात, कारण ऊन चढलं की तेल उडतं. किलोचा भाव लाखांत जातो. मोठ्या कंपन्यासुद्धा गुलाबाचा वास बराचसा फिनाइल इथाइल अल्कोहोलसारख्या स्वस्त रेणूंनी उभा करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. 499 च्या बाटलीतही तेच असणार. हरकत तीही नाही, हरकत ‘शंभर टक्के’ला आहे.

ताई, ऑर्डर गेली असेल तर रद्द कर. बाटलीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक छापणं आपल्याकडे सक्तीचं आहे. मी त्या लिंकवरचे सगळे फोटो पाहिले. सगळे पुढून काढलेत.