घोडीची लघवी, २६ टक्के कॅन्सर आणि आमच्या ताईची ट्यूब

गेल्या महिन्यात ताईने डॉक्टरांनी पाळी जातानाच्या त्रासासाठी दिलेल्या हॉर्मोन जेलची ट्यूब कचऱ्यात टाकली आणि मला पत्ता नाही. कळलं ते भाचीकडून. म्हणाली, मावशी, आई परत रात्री तीनला उठून ओट्यापाशी उभी असते गं, गॅसचं बटण बघते, जाऊन पडते, परत उठून तेच. विचारायला गेले तर ताईने नुसता मोबाईल पुढे केला. भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज.

तुमच्याकडेही आलाच असेल. पाळी जाताना डॉक्टर देतात ती हॉर्मोन्स घोडीच्या लघवीपासून बनतात, ती घेणाऱ्या २६ टक्के बायकांना ब्रेस्ट कॅन्सर होतो हे अमेरिकेत सिद्ध झालंय, एकदा लागली की सुटत नाहीत, भीती-घालमेल हे रिकाम्या डोक्याचे खेळ आहेत, भजनात मन रमवा, जवस खा, आणि फारच त्रास असेल तर पिशवी काढून टाका, कटकट मिटते. खाली कुणा डॉक्टरचं नाव, नावापुढे डिग्र्यांची माळ, आणि ‘दहा बहिणींना पाठवा’. दहा बहिणींतली एक माझी निघाली म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, सोळा वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे.

आधी ते २६ टक्के, कारण ताईने ट्यूब फेकली ती त्या आकड्याने. आकडा खरा आहे, अर्थ सपशेल खोटा. २००२ मध्ये अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास मधेच थांबवला होता, त्यातला आहे तो. साडेसोळा हजारांवर बायका होत्या, अर्ध्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशा दोन हॉर्मोनची गोळी, अर्ध्यांना साधी, औषध नसलेली. साधी गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर निघाला, हॉर्मोनवाल्यांत ३८ जणींना. तिसावर आठ वाढले, म्हणजे साधारण २६ टक्के वाढ. वाढ! १०,००० त ८ जास्त. आणि फॉरवर्डवाल्याने त्याचं केलं काय तर चौघींतल्या एकीला कॅन्सर. भाजीवाल्याने तीस रुपयांची मेथी अडतीसला दिली तर आपण अडतीस म्हणतो ना, का घर विकायला काढलं म्हणतो?

आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. ताई ४७ ची आहे, पाळी अजून पूर्ण गेलेलीही नाही. ज्यांची पिशवी आधीच काढलेली होती त्यांना त्याच अभ्यासात नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही. त्याच बायकांचा पुढे १८ वर्षांपर्यंतचा हिशोब २०१७ मध्ये छापून आला, त्यात गोळी घेणाऱ्या जास्त मेल्या असं काही दिसलं नाही. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आठ म्हणजे शून्य नाही, हेही मान्य. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही त्या गोळ्यांनी थोड्या वाढल्या होत्या. म्हणूनच ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालीये, लिव्हरचा आजार आहे किंवा कारण न कळता अंगावरून जातंय त्यांना डॉक्टर सहसा हॉर्मोन देत नाहीत. कातडीवर लावायच्या जेलने गुठळीचा तो धोका गोळीसारखा वाढताना दिसलेला नाही. ताईला जेलच दिलं होतं, आणि पिशवी जागेवर आहे म्हणून तिच्या अस्तराला जपायला रात्रीची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल.

आता घोडी. इथे मला थोडं गप्प बसावं लागतं, कारण ते खरंच आहे. प्रेमरिन नावाची जुनी गोळी गाभण घोडीच्या लघवीपासूनच काढतात, १९४२ पासून अमेरिकेत आहे, नावसुद्धा त्यावरूनच पडलंय. त्या २००२ च्या अभ्यासातही तीच होती. पण ताईच्या जेलमधलं एस्ट्राडायोल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, घोडीचं नाही, ते वनस्पतीपासून सुरुवात करून कारखान्यात तयार करतात आणि बाईच्या अंगात जे असतं तेच असतं. आणि गोमूत्राची बाटली फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांनी लघवीवरून नाकं मुरडावीत याचं मला जरा हसूच येतं.

‘एकदा लागली की सुटत नाहीत’. हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. हॉर्मोन डॉक्टरांना विचारून बंद करता येतात, घाम-गरम वाफा काही दिवस परत येतील कदाचित, पण चटक लागत नाही. चटक कशाची लागते ते माझ्या काउंटरवर येऊन बघा. अल्प्राझोलम. ‘ती छोटी गोळी द्या हो, झोपेची.’ पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बायका, कधीतरी कुणीतरी दहा दिवसांसाठी लिहून दिलेली चिठ्ठी, घड्यांवर फाटलेली, तारीख दोन वर्षांपूर्वीची. शेड्यूल एच-वनमधलं औषध आहे, रजिस्टरला नोंद करून द्यावं लागतं, मी नाही म्हटलं की रागावून समोरच्या दुकानात जातात. ती गोळी एकदम बंद केली तर खरोखर हाल होतात. तिच्याबद्दल फॉरवर्ड नाही आला कधी. हॉर्मोनला घाबरून त्या गोळीवर वर्षं काढणाऱ्या मी पाहिल्यात.

रिकामं डोकं म्हणे. ताई सकाळी साडेपाचला उठून दोन डबे करते, शाळेत शिकवते, सासूबाईंचं बघते. इस्ट्रोजेन जाताना सरळ उतरत नाही, काही वर्षं वरखाली उड्या मारतं, मेंदूतल्या सेरोटोनिनवर त्याचा परिणाम होतो, त्यात मध्यरात्री घाम फुटून जाग येते, छातीत धडधडतं, आणि असं महिनोन्महिने झाल्यावर माणूस गॅसचं बटण बघणार नाही तर काय करेल? हॉर्मोन हे काही भीतीवरचं औषध नाही, हे मीही सांगते. घाम आणि झोपमोड थांबली की बऱ्याच जणींची घालमेल उतरते, सगळ्यांची नाही. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना काढणारी ‘नाइस’ नावाची संस्था आहे, तिच्या २०१५ च्या सूचनांमध्ये या काळातल्या उदासी-भीतीसाठी सीबीटी, म्हणजे समुपदेशनाचा एक प्रकार, तोही सांगितलाय. शिवाय धडधड होते म्हणून आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी बघून घ्यावं. भजनाला जा, कोण नको म्हणतंय. जवसाची चटणी मलाही आवडते.

पण ‘पिशवी काढून टाका’ हे लिहिणाऱ्याला मात्र माफी नाही. महाराष्ट्रात बसून असं लिहिवतं कसं? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं, ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक तर तिशीतल्या. पिशवी काढून पाळी थांबते, घाम आणि घालमेल नाही थांबत, कारण ते येतं ओव्हरीतून. आणि सोबत ओव्हरीही काढल्या तर दहा वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका ऑपरेशनच्या टेबलावर होतं, म्हणजे ज्यांना हॉर्मोनची सगळ्यात जास्त गरज त्याच या बायका, आणि त्यांनाच हा मेसेज सांगणार घेऊ नका.

ताईची मंगळवारी मॅमोग्राफी आहे, ती झाली की डॉक्टर मॅडमशी बोलून काय ते ती ठरवेल. भिशीच्या ग्रुपवर मी तीस आणि अडतीसचा हिशोब टाकला. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही, दोन हात जोडलेले इमोजी तेवढे आले. रात्री मात्र तिघींनी वेगवेगळे मेसेज केले, ते जेल तुझ्याकडे चिठ्ठीशिवाय मिळेल का म्हणून.

नाही मिळणार. आधी दाखवून या.