खुलासा : खासदाराने विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला नाही
‘आमच्या खासदारांनी विधेयक मांडले, आता कायदा लागू’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. मंत्री नसलेल्या खासदाराचे विधेयक अशासकीय असते. त्यासाठी साधारण महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते आणि लोकसभेत अशा कामाला मिळतात शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. तेही गोंधळात वाया गेले की पुढचा शुक्रवार. मांडणे ही फक्त पहिली पायरी. चर्चा, दोन्ही सभागृहांची मंजुरी, राष्ट्रपतींची संमती पुढेच. 1970नंतर असे एकही विधेयक कायदा झालेले नाही. द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचे तृतीयपंथी हक्क विधेयक 2015 मध्ये राज्यसभेत मंजूर झाले, पण लोकसभेत अडकले.