चिठ्ठी टाकू द्या, मग बघा

'सिंह एकटा असतो, कळप मेंढरांचा असतो.' उगवत्या सूर्यावर चिकटवलेलं हे वाक्य आज पुन्हा दोन-तीन ग्रुपवर आलं. मुळात सिंह कळपातच राहतो, पण ते जाऊ द्या. मला राग येतो तो त्यामागच्या समजुतीचा. म्हणजे चारचौघांच्या विरोधात बोलणं हे छातीचं काम, ज्याच्यात असेल त्यानं करावं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

आगरकरांचंच घ्या. पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ते डगमगले नाहीत, एवढं आपल्याला पाठ असतं. पण 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' हे साप्ताहिक काढलं तेव्हा त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत होते, हे सहसा कुणी सांगत नाही. सोबतीला एक माणूस होता.

एका माणसानं किती फरक पडतो, हे 1950 च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं मोजून दाखवलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कुठली ते सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे पढवून आणलेले. ते एका सुरात चुकीची रेघ सांगायचे आणि खऱ्या माणसाची पाळी शेवटाकडे यायची. सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळून गेले. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची जास्त महत्त्वाची आहे. पढवलेल्यांपैकी एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण धाडकन खाली यायचं. उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं, तरीही तेच. डोळे तेच, रेघा त्याच.

आपल्याकडे हे शहाणपण दारूबंदीच्या नियमात सापडतं. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर बायका गुप्त मतदान करतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला हवं असेल तर आडवीवर शिक्का. मोजताना हजर बायका धरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदार धरतात, आणि त्यांच्या 50 टक्क्यांचा टप्पा गाठावा लागतो. म्हणजे सोपं मुळीच नाही. तरी कित्येक गावांत बाटली आडवी झाली. त्याच बाईला भरल्या सभेत हात वर करायला सांगा. समोर दुकानदार, बाजूला दीर, आणि रात्री घरी जायचंय ते पिणाऱ्या नवऱ्याबरोबरच. आडोशाला शिक्का मारताना यातलं कुणीच नसतं.

आता आमची सोसायटी. कामाला येणाऱ्या मावशींनी लिफ्ट वापरायची नाही, असा ठराव येऊ घातलाय. मी ग्रुपवर लिहिलं, 'चार मजले चढून त्यांचे गुडघे दुखत नाहीत का?' सगळीकडे शुकशुकाट. एक अंगठा आला, तोही लगेच काढून घेतला. खासगीत मात्र मेसेजवर मेसेज. 'ताई, अगदी मनातलं बोललात.' 'पटलं, पण माझं नाव नका घेऊ.' एका काकूंनी ग्रुपवर 'नियम म्हणजे नियम' असं ठणकावलं आणि मला वेगळे जोडलेले हात पाठवले! ह्यांना मी भित्रे म्हणणार नाही. उद्या यांच्या छतातून पाणी गळलं तर कमिटीच्याच पाया पडायचंय. पण 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द इतिवृत्तात कसे येतात, ते यातून कळतं. सेक्रेटरी विचारतात, 'कुणाचा विरोध?', सगळे चहाच्या कपात बघतात, झाला ठराव.

म्हणून मी अर्ज दिलाय की लिफ्टच्या विषयावर चिठ्ठ्या टाकून मत घ्या. सेक्रेटरी म्हणाले, 'अहो ताई, एवढ्याशा गोष्टीला मतदान कशाला?'

एवढीशीच आहे, तर होऊन जाऊ द्या की.