आई अधिक स्क्रीम

दुसरीच्या वर्गात जोडशब्द काढले की पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर ‘आई + स्क्रीम’ येतंच. कुणी लिहिलं हे विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक वर्गात एक जण त्या कामासाठीच जन्माला आलेला असतो. पाठोपाठ ‘पाप + ड’, ‘गा + जर’ आणि ‘वाट + आणा’ हजर होतात. पोरांची काही चूक नाही. शब्द तोडा म्हटलं, त्यांनी तोडला. दोन्ही तुकड्यांना स्वतःचा अर्थ हवा आणि त्या अर्थाचं अख्ख्या शब्दाशी काहीतरी नातं हवं, या दोन अटी तोडायच्या आधीच सांगाव्या लागतात. बैलगाडीत बैल आहे, गाडीही आहे. वाटाण्यात वाट नाही आणि कुणी काही आणतही नाही. एवढं पटलं की पापड वाचतो.

तिकडे घरी आजोबा दबा धरून बसलेले असतात. ‘पुरणपोळी’ दिसायचा अवकाश, त्यांना मधले शब्द गाळणारा मध्यमपदलोपी समास आठवतो. ‘पुरण घालून केलेली पोळी’ असा विग्रह सात वर्षांच्या नातवाकडून घोकून घेतला जातो. नातू घोकतो, पोळी खातो आणि पुस्तकात ‘मधमाशी’ आली की खणखणीत आवाजात ‘म-धमाशी’ वाचतो.

खरी गोम इथे आहे. ‘मध’मधला ध आपण पूर्ण लिहितो, पण बोलताना त्याचा अ गिळतो आणि गिळल्याची खूण कुठेच करत नाही. शब्द एकटा असला की हे मुलांना सवयीनं जमतं. पण त्याच धच्या मागे माशी लागली की तो मधोमध सापडतो आणि मूल त्याला पुढच्या अक्षराच्या दावणीला बांधतं. मग घरकामाचं ‘घ-रकाम’ होतं, परसबागेचं ‘पर-सबाग’, रातराणीचं ‘रा-तराणी’. सांधा कुठे आहे ते दिसलं की कुठला अ गिळायचा ते आपोआप कळतं. जोडशब्द लवकर शिकवायचे ते एवढ्यासाठी. तत्पुरुष आणि समासांची बाकी मंडळी पुढच्या इयत्तांत भेटतातच, ती कुठे पळून जात नाहीत.

सुरुवात कानानं करावी, पाटीवही बाजूला ठेवून. ‘बैलगाडी म्हण.’ ‘बैलगाडी.’ ‘आता बैल न म्हणता म्हण.’ ‘गाडी.’ दोनतीन दिवस, रोज दहा मिनिटं, पाचसहा शब्द. सातव्या शब्दाला वर्ग हंबरायला लागतो.

मग कार्ड. कार्डशीटची २४ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यावी. दोन्ही टोकांकडून ६-६ सेंटिमीटरवर आत घडी घातली की कपाटासारखी दोन दारं तयार होतात. डाव्या दारावर ‘बैल’ लाल रंगात, उजव्यावर ‘गाडी’ निळ्यात. दारं उघडल्यावर आत तोच शब्द त्याच दोन रंगांत, पण मध्ये जागा न सोडता, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, काळ्या रंगानं एका ओढीत. ही रेघ सांध्यावर तुटली तर सगळी मेहनत पाण्यात. मूल तिथे थांबून श्वास घेतं. वहीचा कागद वापरू नये, आतला शब्द बाहेरून दिसतो आणि चोरून वाचण्यात मुलं आपल्यापेक्षा तरबेज असतात. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फुकट मिळतो हे खरं, पण तो घडीवर चिरतो.

पहिला शब्द ‘तळघर’. काना नाही, मात्रा नाही. पुढे ताकभात, घरकाम, हातरुमाल. ‘माजघर’ सोपं वाटतं, पण फ्लॅटमधल्या मुलाला ते सांगायचं तर आधी अख्खा वाडा बांधावा लागतो. पाणकोंबडी, घोडदौड, फुलबाग या मंडळींना दुसऱ्या आठवड्यापर्यंत दारात उभं करू नये. ‘पाण म्हणजे काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. इथे दारावर ‘पाणी’ लिहायचं आणि आत ‘पाणकोंबडी’. जोडताना पहिला शब्द अंग चोरतो, एवढं सांगायचं.

अर्थासाठी एक नियम बराच चालतो: शेवटी जे नाव येतं, ती वस्तू, आधी येतं ते तिचं विशेष. गुळपोळी ही पोळी, केळफूल हे फूल. उलटून बघायला सांगावं. ‘भातताक’ म्हटलं की वर्ग पोट धरून हसतो आणि नियम डोक्यात बसतो. प्राणी आले की मात्र नियमाची दाणादाण उडते. गोगलगाय ही गाय नाही, आणि तिनं गॉगलही घातलेला नसतो, हे मान्य करायला मुलं तयार नसतात. नाकतोड्याचं नाव फोडून दाखवलं की मागच्या बाकावरचे हात नाकावर जातात. घोडचुकीत घोडा शोधला जातो. ‘कानउघाडणी’ म्हणजे कानातला मळ काढणं, हे उत्तर तर इतकं तर्कशुद्ध आहे की मी त्याला अर्धा गुण देण्याच्या बाजूनं आहे.

सगळ्यात अवघड सामना वारांचा. वर्गात एखादा रवी असतोच. त्याची वेलांटी दुसरी. मग रविवारची पहिली का? १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटची वेलांटी दुसरी लिहायची, पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, मुळात पहिल्या वेलांटीनं संपणारा शब्द समासात पहिला आला तर मूळची पहिली वेलांटी परत येते. म्हणूनच कवी, पण कविराज. हे दुसरीत सांगण्यात हशील नाही. रवी एकटा असला की दुसरी, मागे वार आला की पहिली, एवढ्यावर भागवावं आणि पटकन सोमवारकडे वळावं. गुरुवारपर्यंत जाऊ नये, कारण गुरू नावाचा मुलगा पहिल्याच बाकावर बसलेला असतो आणि त्याचा हात मघापासून वर आहे.