बेदाण्याचे ढीग आणि मुलांचे मेंदू

तासगावच्या ताईने काल बचत गटात कर्जाचा अर्ज दिला. कशासाठी, तर नऊ वर्षांच्या लेकाच्या मेंदूचा एमआरआय काढायला. व्हॉट्सॲपवर तिला एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराबद्दल, मेसेज आला होता: "एडीएचडी आता स्कॅनमध्ये दिसतो. त्याचे तीन प्रकार सापडलेत. पहिल्या प्रकारच्या मुलांचा मेंदू नॉर्मल मुलांपेक्षा वेगळा असतो, दुसऱ्याचा नसतो, म्हणजे आजारच वेगळे. आजच स्कॅन करा." मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते. असले मेसेज मी रोज सोडून देते, हा सोडणार नाही.

'स्कॅनमध्ये दिसतो' हेच सगळ्यात घातक. 2017 साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त एनिग्मा या अनेक देशांतल्या संशोधकांच्या गटाचा अभ्यास आला, एडीएचडी असलेले 1713 आणि नसलेले 1529 जण घेऊन. सगळ्यात मोठा फरक निघाला अमिग्डाला या मेंदूतल्या लहानशा भागाच्या आकारमानात, तोही प्रमाणित विचलनाच्या (माणसामाणसांत एरवीच जो फरक असतो त्याच्या मापाच्या) जेमतेम 0.19 पट. म्हणजे काय? दोन्ही गटांतून एकेक जण उचला आणि ज्याचा अमिग्डाला लहान त्याला एडीएचडी म्हणा. 100 पैकी साधारण 55 वेळा बरोबर याल. छापा-काटा केला तरी 50 वेळा याल. एवढ्यासाठी ताईने कर्ज काढायचं? सरासरीत फरक आहे, तेवढं मान्य करते. पण तो दिसायला तीन हजारांवर माणसं मोजावी लागली.

आता 'तीन प्रकार'. ताईच्या शेडवर चाळणी लावून जाड बेदाणा एकीकडे, बारीक एकीकडे करतात. मग दोन्ही ढीग मोजून "आकारात फरक सापडला!" असं कुणी ओरडेल का? फरक चाळणीनेच पाडला ना. मेंदूच्या मापांवरून मुलांचे गट पाडायचे आणि तीच मापं निरोगी मुलांशी ताडून बघायची, हे तसंच झालं. कॉम्प्युटरला तीन ढीग कर म्हटलं की तो तीन करतो, चार म्हटलं की चार. नव्या मुलांना मोजून तेच ढीग पुन्हा पडले, तर बोलू.

'पहिला वेगळा, दुसरा नाही' हीसुद्धा गफलतच. पहिल्या गटात 60 मुलं आणि दुसऱ्यात 15 असली, तर फरक तेवढाच असूनही पहिल्यात तो सिद्ध होईल आणि दुसऱ्यात होणार नाही, असं सहज घडू शकतं. दोन गटांची एकमेकांशी थेट तुलना केली का, ते मेसेजमध्ये नाही.

शिवाय तीन गट आणि मेंदूचे शंभर भाग धरले तर 300 चाचण्या होतात. नेहमीची 5 टक्क्यांची कसोटी खरा फरक नसतानाही 100 पैकी 5 वेळा 'फरक आहे' म्हणते, म्हणजे साधारण 15 फरक नुसत्या योगायोगाने निघतील. 2009 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेलेला सामन मासा एमआरआय मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. त्याच्याही मेंदूत 'हालचाल' दिसली! इतक्या चाचण्या केल्यात हे धरून कसोटी कडक केल्यावर काहीच उरलं नाही.

फिट येत असतील किंवा डोक्याला मार लागला असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगू शकतात आणि सांगितला तर तो करायलाच हवा. आपल्या पोराला तसलं काही नाही. ताई, तो अर्ज उद्या मागे घे. वर्गशिक्षिकेने भरायला दिलेला फॉर्म महिनाभर फ्रिजवर पडलाय, तो भरून डॉक्टरांकडे ने. घरी आणि शाळेत पोरगा कसा वागतो, यावरूनच ते निदान करणार आहेत.